गार्डाच्या कडीला मोगरा

अंबूबाईचा हात आखूड होता.

*

धोका: ज्यामुळे इजा होऊ शकते ती वस्तू किंवा स्थिती.
जोखीम: ती इजा प्रत्यक्षात होण्याची शक्यता.
दोन्ही एक नव्हेत. तोंडी परीक्षा घेतली जाईल.

*

टोप्यांचं खाकी कापड चिकपेटेतून आलं. शिंप्याने माप घेतलं ते स्वतःच्या डोक्याचं, आणि त्याला टक्कल होतं.

*

तेल उडालं की मोगरा आधी पिवळा पडतो, मग तपकिरी, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याला स्टोव्हचा वास येऊ लागतो.

*

कारखान्यात प्रत्येकाला काहीतरी बनवण्याचा पगार मिळे. एकाच माणसाला मिळे तो काहीही न घडण्याचा.

*

पॅकिंग खात्यात बायका गोल करून बसत.

*

या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात केलेली बरी, कारण अनुसूया त्या गोलातूनच निसटली होती.

साल १९६१. बेंगळूरच्या मागडी रस्त्यावर शहर संपून नाचणीची शेतं सुरू होत, तिथे विजेचे मीटर बनवणारा एक सरकारी कारखाना होता. नवरा टायफॉइडने गेल्यावर अनुसूया तिथे पॅकिंगला लागली. काम वाईट नव्हतं. पेंढा, मीटर, पेंढा, पुठ्ठा. हात गुंतलेले, तोंडं मोकळी. त्यामुळे नवी मुलगी आली की पहिल्याच दिवशी तिला अनुसूयेची हकीकत कळे, आणि ती मान एका बाजूला कलती करून "पाप" म्हणे. कन्नडमधलं पाप, म्हणजे बिचारी. नव्या मुली येत राहिल्या, माना कलत राहिल्या, अनुसूया पेंढा भरत राहिली.

मग पुरुष कामगार नव्या लेथ शॉपमध्ये गेले, ड्रिलिंगची रांग रिकामी पडली, आणि वर्क्स मॅनेजर कृष्णमूर्तींनी प्रयोग म्हणून तिथे बायका उभ्या केल्या. मीटरच्या तळपट्टीला भोकं पाडायची. अनुसूयेने भिंतीलगतचं शेवटचं मशीन मागून घेतलं. त्या रांगेत आवाज इतका असे की कुणाला कुणाची कीव करता येत नसे. करायचीच तर ओरडून करावी लागली असती. अनुसूयेला ती जागा फार आवडली. संध्याकाळी कानात गुणगुण घेऊन ती बसवनगुडीला घरी जाई आणि घरचेही काही बोलले तर तिला नीट ऐकू येत नसे. तेही तिला आवडे.

कृष्णमूर्तींची अट एकच होती. ज्या मशीनवर अपघात होईल किंवा ज्या मशीनवर इन्स्पेक्टर शेरा मारेल, त्या मशीनवरची बाई परत पॅकिंगला.

*

सुरक्षा अधिकारी: (व्याख्या तयार होत आहे.)

पद्माकर पुण्याहून आला तेव्हा या पदावर आधी कुणीच नव्हतं, त्यामुळे आपण काय करायचं हे विचारायला माणूस नव्हता. काहीही न घडण्याचा पगार घेणारा तो हाच. त्याने सहा महिन्यांचं शिक्षण घेतलं होतं आणि त्याचा व्याख्यांवर विश्वास होता. तो इंग्रजीत व्याख्या लिही, फोरमन नरसिंहराव त्या कन्नडमध्ये उतरवत, आणि त्या नोटीसबोर्डावर लागत. बायकांशी तो हिंदी बोले. ती कुणालाच कळत नसे, पण सगळ्या "सरी सार", म्हणजे बरं साहेब, म्हणत, आणि त्याला वाटे की काम झालं.

मराठी बोलणाऱ्या तिथे दोघीच होत्या, अनुसूया आणि ड्रिलिंगवरचीच वसुमती. तिसरे नरसिंहराव. या तिघांची घराणी तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदाराबरोबर इकडे आली होती आणि परतीचा विषय नंतर कुणी काढलेला नव्हता. त्यांची मराठी पद्माकरला पेटीतून नुकत्याच काढलेल्या शालूसारखी वाटे, मधेमधे कन्नडची नवी ठिगळं. त्यांना त्याची मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटे. वसुमती त्याची नक्कल करी. "या ठिकाणी," असं ती म्हणाली की ड्रिलिंगची अर्धी रांग हसे, आणि त्या अर्ध्या रांगेला मराठी येत नव्हती.

*

गार्ड: फिरणारा भाग आणि माणूस यांच्यामध्ये कायम असणारा अडसर.

"कायम" शब्दाखाली पद्माकरने दोन रेघा मारल्या होत्या.

प्रत्येक ड्रिलच्या चकभोवती जाळीचा एक पिंजरा बसतो. चक म्हणजे ड्रिलची पकड, ती गरगर फिरते. पिंजऱ्याला बाहेरून वाकवलेली लोखंडी कडी असते, ती धरून तो उघडायचा. कारखान्यात असे पिंजरे होते, पण मशीनवर नव्हते. पुरुष कामगारांनी ते पहिल्याच आठवड्यात काढून स्टोअरमध्ये दिले होते आणि स्टोअरकीपर शिवाप्पाने ते तेलकागदात गुंडाळून इतके जपले होते की एकालाही गंज नव्हता.

पद्माकरने ते परत लावायला सांगितले. नरसिंहरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग समजावलं की गार्डाने काम मंदावतं, भोक दिसत नाही, आणि इतकी वर्षं काही झालं नाही. पद्माकरने विचारलं, इतकी वर्षं इथे लांब केसांचं कोण उभं होतं? नरसिंहरावांनी आपल्या डोक्यामागे हात नेऊन शेंडी चाचपली आणि ते म्हणाले की तोही एक मुद्दा आहे. पण गार्ड काही लागले नाहीत.

*

वैयक्तिक संरक्षक साधन: टोपी, चष्मा, हातमोजे इत्यादी. इतर सर्व उपाय थकल्यावरचा शेवटचा उपाय.

हे त्यानेच लिहिलं होतं. पण टोपीला फोरमनची परवानगी लागत नव्हती, फक्त शिंपी लागत होता. म्हणून शेवटचा उपाय सगळ्यांत आधी झाला.

बेंगळूरात नवरा असलेली बाई किंवा लग्नाची मुलगी डोक्यात फूल नसताना घराबाहेर पडत नाही. कारखान्याच्या फाटकाशी अंबूबाई मोगरा आणि अबोली घेऊन बसे. माळ मोळाने मापायची, आणि एक मोळ म्हणजे विकणारीच्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. अंबूबाईच्या हाताबद्दल सगळ्या रोज भांडत आणि रोज तिच्याकडूनच घेत.

आता या डोक्यांवर टकलाच्या मापाच्या टोप्या.

पहिल्या दिवशी फुलं टोपीच्या आत होती. प्रत्येकीच्या डोक्याला मागे एक टेंगूळ आलेलं दिसत होतं आणि दुपारी टोप्या काढल्यावर आतून लगदा निघाला. दुसऱ्या दिवशी फुलं टोपीच्या बाहेर होती, पिनेने टाचलेली, टोकं थेट चकच्या दिशेने झुलत. पद्माकर गॅलरीतून बघत उभा राहिला. कालपर्यंत त्याच्याकडे केसांचा धोका होता. आज केसांचा नव्हता, फुलांचा होता, आणि तो धोका अर्धा हात लांब होता.

नोटीस: फुले टोपीबाहेर नसावीत.
नोटीस: फुले टोपीच्या आत नसावीत.
नोटीस: फुले घरी ठेवावीत.

तिसऱ्या नोटिशीच्या दिवशी सगळ्या बायका फुलं माळून आल्या, टोप्या घडी घालून मशीनवर ठेवल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. बोलायला वसुमतीला पुढे केलं.

"सार," ती म्हणाली, "मी फुलं न माळता बाहेर पडले तर सासू विचारेल, कोण वारलं? मी काय सांगू, कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर?"

*

ते तेवढ्यावर थांबलं असतं तर टोप्या कपाटात गेल्या असत्या आणि ही गोष्ट झाली नसती. पण वसुमतीला भांडून झाल्यावर तोडगा काढायची वाईट सवय होती.

कामाच्या वेळेपुरती फुलं कुठेतरी ठेवायची. कुठे? लॉकरमध्ये उंदीर. खिडकीत नरसिंहरावांचा कॉफीचा लोटा, आणि त्या जागेवर त्यांचा हक्क कुणाला मोडता आला नसता. मशीनच्या टेबलावर तेल. तेल उडत नाही अशी मशीनवर एकच जागा असू शकते, ती जाळीच्या बाहेर. वसुमती स्टोअरमध्ये गेली, शिवाप्पाला हातातली माळ दाखवली, एक गार्ड मागून आणला, स्वतःच्या मशीनवर चढवला आणि माळ त्याच्या कडीला गुंडाळली. टोक लोंबू दिलं नाही, आत खोचलं. मग टोपी घातली. ती आता बसत होती.

संध्याकाळी तिचा मोगरा पांढरा होता.

दुसऱ्या दिवशी स्टोअरपुढे रांग लागली. शिवाप्पाने पावती वगैरे काही केली नाही. हातात माळ असलेली बाई आली की तो तेलकागद सोडून गार्ड देई. कुणी त्याला नुसता गार्ड म्हणेना, हूविन गार्ड म्हणू लागल्या, म्हणजे फुलांचा गार्ड. गार्डाने काम मंदावतं असं नरसिंहरावांचं मत अजून होतं, पण फुलांच्या विरुद्ध बोलायचं म्हणजे संध्याकाळी घरी जाऊन बायकोलाही तोंड द्यायचं होतं.

*

इंटरलॉक: अशी योजना, की अडसर उघडा असेपर्यंत यंत्र चालू शकत नाही, किंवा यंत्र चालू असेपर्यंत अडसर उघडता येत नाही.

परदेशी मशीनवर हे विजेच्या स्विचने करतात, असं पद्माकरने वाचलं होतं. मागडी रस्त्यावर ते मोगऱ्याने झालं. चालू मशीनचा गार्ड उघडला की तेलाचे थेंब थेट कडीवर उडत. त्यामुळे मशीन बंद करून, चक थांबेपर्यंत वाट बघून, माळ बाजूला करून मगच बायका गार्डाला हात लावत. पद्माकरने जे दोन महिने घसा फोडून सांगितलं होतं ते त्या आता न सांगता करत होत्या, आणि त्यांना माहीतही नव्हतं. शिवाय त्याला जागेवरून उठावं लागत नव्हतं. गॅलरीतून बघितलं की कुठल्या कडीला पांढरं आहे ते दिसे. पांढरं दिसलं, गार्ड बंद. पांढरं नाही, गार्ड उघडा.

नोटीस: ज्या गार्डाच्या कडीला फुले नाहीत, तो गार्ड लावलेला नाही असे समजण्यात येईल.

त्या दिवशी खुशीत त्याने बायकोसाठी अंबूबाईकडून एक मोळ मोगरा घेतला. गिऱ्हाईक नवीन बघून अंबूबाईने बोटं आणखी थोडी दुमडली.

गॅलरीतून शेवटचं मशीन खांबाआड जात होतं.

*

अनुसूया रोज टोपी घालून येत होती. तिला टोपीचा काहीच त्रास नव्हता. डोक्यात नुसता घट्ट अंबाडा. तिच्या मशीनवर गार्ड नव्हता.

हे सगळ्यांना दिसत होतं. पण नुसता गार्ड आता उरलाच नव्हता, होता तो फुलांचा गार्ड. विधवेला जाऊन "तू तुझा फुलांचा गार्ड घेऊन ये" असं कोण म्हणणार? वसुमतीला एकदा वाटलं सांगावं, पण जीभ रेटली नाही. शिवाप्पाकडे एक गार्ड उरला होता आणि तो कुणाचा हे त्याला ठाऊक होतं. ती अम्मा समोरून गेली की तो तेलकागद आणखी आवळून बांधी, जणू तो दिसला तरी तिला वाईट वाटेल. नरसिंहरावांनी आपल्या मनाशी ठरवलं की अनुसूयेचा हात स्थिर आहे, तिला नाही लागणार.

आणि अनुसूयेने मागितला नाही. मागितला असता तर सगळ्या रांगेने मान कलती केली असती. आवाजामुळे "पाप" ऐकू आलं नसतं, पण दिसलं असतं.

*

थोडक्यात टळलेला अपघात: ज्यात इजा झाली नाही, पण होऊ शकली असती. तो अपघाताइतकाच गंभीर समजावा.

गुरुवारी टोपीचा एक बंद सुटला. अनुसूया भोक बघायला वाकली, बंद चकमध्ये गेला, आणि टोपी डोक्यावरून ओढली जाऊन ड्रिलबरोबर गरगर फिरू लागली. खाकी, फुगलेली, एखाद्या हवालदाराला चक्कर आल्यासारखी.

रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. हसून झाल्यावर त्यांचं लक्ष अनुसूयेच्या डोक्याकडे गेलं, चकपासून ते किती जवळ होतं तिकडे गेलं, आणि मग एकेक मशीन बंद होत गेलं. अनुसूयेने स्वतःच स्विच दाबला होता. हाताने चक उलटी फिरवून ती टोपीचा बंद सोडवत होती.

त्या रांगेत कधी नव्हे ती शांतता झाली. अनुसूयेला तीच नको होती.

पद्माकर धावत खाली आला आणि त्याने विचारलं की गार्ड कुठे आहे. मग तेच हिंदीत विचारलं. सगळ्यांनी मान हलवली. शेवटी वसुमतीने त्याला खांबाआड नेऊन हलक्या आवाजात सांगितलं. त्याला ते कळायला वेळ लागला. गार्ड लावायला नवरा कशाला लागतो, असं त्याने विचारलं.

तो शिवाप्पाकडे गेला. त्या अम्मा आल्याच नाहीत, आणि आपण होऊन त्यांना बोलवायचं कसं, असं शिवाप्पाने उलट त्यालाच विचारलं. तो नरसिंहरावांकडे गेला. ते कॉफीच्या लोट्याकडे बघत राहिले. कुणीही आळस केला नव्हता, कुणीही वाईट वागलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून सभ्यपणा केला होता.

अहवालात "मूळ कारण" असा एक रकाना असे. पद्माकरने तिथे "संकोच" लिहिलं, खोडलं, "टोपीचा बंद" लिहिलं, तेही खोडलं.

*

निर्मूलन: सर्वांत पहिला आणि सर्वांत उत्तम उपाय. धोका कमी करू नये, धोकाच काढून टाकावा.

ही व्याख्या नोटीसबोर्डावर सगळ्यांत वर होती, आणि कृष्णमूर्तींनी आयुष्यात वाचलेली ती एकमेव सुरक्षेची नोटीस. सोमवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार होता. त्यांनी पद्माकरला बोलावून शांतपणे सांगितलं की तुमचंच तत्त्व आहे, धोका काढून टाकू. सोमवारपासून अनुसूया पॅकिंगला.

पद्माकरने सांगायचा प्रयत्न केला की धोका म्हणजे चक, अनुसूया नव्हे. कृष्णमूर्तींनी विचारलं, चक काढून ड्रिल चालतं का? नाही. मग काढता येण्यासारखं काय उरलं?

अनुसूयेला हे वसुमतीकडून कळलं. तिने हातातली पट्टी पुरी केली, तेल पुसलं, आणि सरळ स्टोअरमध्ये गेली. मागून वसुमती आली. नरसिंहराव आधीच तिथे शिवाप्पाशी काहीतरी कुजबुजत होते.

तिने गार्ड मागितला. शिवाप्पाने लगेच दिला. कधीपासून द्यायचा होता, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तेलकागद सोडताना त्याचे हात घाईत होते. अनुसूयेने गार्ड उलटसुलट करून बघितला, कडी दोनदा उघडली, लावली.

तेव्हा नरसिंहरावांनी घसा खाकरला. गार्ड सरी, ते म्हणाले, पण नोटीस आहे. फुलं नसलेला गार्ड हा गार्डच नाही, असं साहेबांनीच लिहिलंय आणि ते मीच कन्नडमध्ये लिहिलंय. इन्स्पेक्टर नोटीस वाचणार, मग कडीकडे बघणार. शेरा बसणार. नोटीस बदलायला कृष्णमूर्तींची सही, आणि ते आता कशाला सही करतील? तिच्याच भल्यासाठी ते तिला थोडे दिवस पॅकिंगला जायला सुचवत होते.

वसुमतीने आपल्या केसांतली माळ ओढून काढली, मधोमध तोडली आणि अर्धी पुढे केली. नरसिंहरावांचा हात अर्ध्यातच आडवा आला. त्यांनी तो मागेही घेतला, पण आला तो आलाच.

"अण्णा," अनुसूया म्हणाली, "दसऱ्याच्या आयुधपूजेला माझ्या मशीनला हार कुणी घातला?"

"मीच."

"तेव्हा विचारलंत?"

"ते मशीनला होतं, अक्का."

"हेही मशीनलाच आहे. नवरा माझा गेलाय. मशीनचा आहे की, तुम्हीच. रोज मशीनला तेलपाणी करता."

शिवाप्पाला मराठी येत नव्हती, तरी तो सगळ्यांच्या आधी हसला, कारण नरसिंहरावांचा चेहरा कुठल्याही भाषेत वाचता येत होता. मग वसुमती हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. अनुसूया तिच्याकडे बघत उभी राहिली. वसुमतीची मान सरळच होती.

*

सोमवार. प्रत्येक चकला गार्ड, प्रत्येक कडीला मोगरा, शेवटच्याही. अनुसूया तिथेच होती. तिला हलवायचं होतं हे कृष्णमूर्ती विसरले नव्हते, पण आता तिच्या मशीनवर गार्ड दिसत होता, कडीला फुलं दिसत होती, आणि पद्माकर सकाळपासून त्यांच्या दाराशी उभा होता. इन्स्पेक्टर गेल्यावर बघू, असं ते म्हणाले.

इन्स्पेक्टर बारीक अंगाचा, मोठ्या चष्म्याचा माणूस होता. त्याने रांगेतून चालत टोप्या बघितल्या, कड्या बघितल्या, फुलांबद्दलची नोटीस वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि पद्माकरकडे बघितलं. पद्माकर इंटरलॉकबद्दल बोलू लागला. इन्स्पेक्टरने एका बाईला गार्ड उघडून दाखवायला सांगितलं. तिने मशीन बंद केलं, थांबली, माळ सारली, गार्ड उघडला. इन्स्पेक्टरने तेच आणखी एकीकडून करून घेतलं, बहुधा गंमत म्हणून.

मग शेवटच्या मशीनपाशी अनुसूया शिंकली.

पुन्हा शिंकली. सकाळपासून ती शिंकतच होती. नाक लाल, डोळ्यांत पाणी. इन्स्पेक्टर थांबला. त्याने विचारलं, हे केव्हापासून? नरसिंहरावांनी भाषांतर केलं. अनुसूयेने पदर नाकाला लावला, क्षणभर कडीकडे बघितलं, कृष्णमूर्तींकडे बघितलं, आणि मग बोट केलं ते तेलाच्या डब्याकडे.

कृष्णमूर्ती तत्परतेने पुढे झाले. बाईंची तब्येत नाजूक आहे, ते म्हणाले, आम्ही त्यांना आजच पॅकिंगला हलवणार होतो.

इन्स्पेक्टरने तेलाचा डबा उचलून हुंगला. वर छताकडे बघितलं. तिथे एक चिमणी बसली होती, बाकी काही नव्हतं.

"बाई हलवून काय होणार?" तो म्हणाला. "उद्या दुसरी शिंकेल. ह्यांना इथेच राहू द्या. तेलाची वाफ बाहेर काढा."

नरसिंहरावांनी याचं भाषांतर केलं, कुणी न सांगता, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

शेरा असा पडला: खात्यात हवा खेळती नाही. एक्झॉस्ट पंखा बसवावा. पंखा बसेपर्यंत कामगार हलवू नयेत, म्हणजे फरक तपासता येईल. हा शेरा मशीनवर नव्हता, छतावर होता, आणि छताला पॅकिंगला पाठवता येत नव्हतं.

पद्माकरने त्या संध्याकाळी नोटीसबोर्डावरची निर्मूलनाची व्याख्या काढून नवी लावली. त्यात एक वाक्य जास्त होतं: कामगार हा धोका नव्हे. नरसिंहरावांनी ते कन्नडमध्ये करताना एक शब्दही बदलला नाही, फक्त अक्षरं जरा मोठी काढली.

पंखा पुढच्या उन्हाळ्यात आला. तो फार आवाज करी. वसुमती रोज सकाळी आपली माळ तोडून अर्धी शेवटच्या कडीला गुंडाळी, अनुसूया तिला हाताने "पुरे" करी आणि पदर नाकाला लावून कामाला लागे. पंखा लागूनही शिंका थांबल्या नाहीत, तेव्हा पद्माकरने वरच्या कचेरीला लिहून आणखी एक पंखा मागितला. तोही मिळाला. ड्रिलिंगच्या रांगेत आता कुणाचं काहीच कुणाला ऐकू येत नव्हतं, आणि भिंतीलगतच्या मशीनवर अनुसूया निवृत्त होईपर्यंत उभी राहिली.

तिच्या लग्नात मावशीने तिला हातभर मोगरा माळला होता, आणि भटजींच्या प्रत्येक "सावधान"ला अनुसूया शिंकली होती.